मालतीताईंची आरोळी

समस्त नगरवासीयांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की आमच्या कराटेच्या वर्गात आज एक आरोळी उमटली.

ठोसा मारताना पोटातून ओरडायचं, हा आमचा रिवाज. बायकांच्या दुपारच्या वर्गाला गळती लागते ती त्यापायीच. ठोसे सगळ्यांना आवडतात; ओरडायचं म्हटलं की हात तोंडाशी जातो आणि पुढच्या आठवड्यात एक जण कमी होते.

मालतीताईही जाणार, असं मी धरूनच चाललो होतो. ठोसा मारून त्या हळूच "हा" म्हणायच्या, शेजारी बाळ निजल्यासारखं. घरी त्यांचाही आवाज चढत असेल, पण तो कुणाच्या डब्यासाठी, पाण्याच्या मोटरसाठी. नुसता आपला म्हणून आवाज माणूस काढतो कधी? माझी गोष्ट वेगळी, मला ओरडण्याचे पैसे मिळतात.

आज मात्र त्यांच्या ठोशाबरोबर असा आवाज निघाला, की खिडकीतली कबुतरं उडाली आणि वॉचमन काठी घेऊन धावत आला. आता या लाजून कायमच्या जाणार, असं मला वाटलं.

मालतीताईंनी कपाळावरचे केस मागे सारले.

"सर, परत एकदा ओरडू का? आत्ता अर्धाच निघाला."