सुरतेच्या घरात दादरची भाकरी

नंदुरबार स्टेशनावर सुरतेची गाडी हलू लागली, तेव्हा मायने खिडकीतून माझ्या मांडीवर पिठाचं गाठोडं ठेवलं. "तठे जाईसन भाकर सोडू नको, बेटी," एवढंच म्हणाली. लग्नाला चारच महिने झाले होते. मी रडत होते आणि शहर बघायला मिळणार म्हणून मनातून खूशही होते.

आपल्या गावी, रनाळ्यात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या बायांनो, खरं सांगते, महिन्याभरात भाकर सुटली. हे कापडाच्या पेढीवर कारकून होते, दिवसभर गादीवर बसून लिहायचं काम. आमच्या शेरीच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशीच फरसाणाचं दुकान. सकाळी फाफडा-जलेबी, संध्याकाळी गाठिया, सणाला तुपाने निथळणारी गोड घारी. गावाकडे विहिरीवरून घागरी आणणारी मी, इथे दारातल्या नळाशी उभी राहायचे. जात्याऐवजी गिरणी आली. गावाहून कोणी आलं की, "पोरगी सुखी शे, भरी गयी," असं कौतुकाने म्हणायचं.

सहा-सात वर्षांत यांचे तीन सदरे उसवून मोठे केले. जिना चढताना हे मध्येच थांबायचे. शेवटी मी हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, लघवीचे थेंब टाकून तापवलं. निळ्याचं हिरवट झालं.

"थोडी साखर दिसते," ते म्हणाले. "घरात कोणाला होती?"

यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. यांच्या गावी, लोणखेड्याला, माझे सासरे पायाच्या साध्या जखमेने गेले होते. ती भरलीच नाही. त्यांच्या वडिलांचंही तसंच झालेलं. दोघांनीही पन्नाशी पाहिली नव्हती.

"अजून रोग पक्का झालेला नाही," डॉक्टर म्हणाले. "साखर, तूप, तळलेलं कमी करा. भाकरी, भाजी, डाळ खा. रोज तासभर पायी चाला. तीन महिन्यांनी या."

घरी येताना हे म्हणाले, "बाबांना असं कोणी सांगितलंच नाही." मला त्या रात्री फार रडू आलं, पण सकाळी उठून मी मायला पोस्टकार्ड टाकलं: दादर पाठव.

दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, पोत्याने आली. सोबत न मागता अंबाडीची वाळवलेली भाजी आणि उडीद. इतक्या वर्षांत हात विसरला होता; पहिली भाकरी तव्यावर जाण्याआधीच तुटली. हे हसले, भाजलेले तुकडे चटणीशी खाल्ले. पहाटे आम्ही तापीच्या काठाने चालू लागलो. नऊवारी नेसून नवऱ्यासोबत झपाझप चालणारी बाई बघून शेरीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. एक दिवस शेजारच्या कांताबेनने विचारलं, "हुं आवुं?" आणि तीही सोबत येऊ लागली. दिवाळीपर्यंत आम्ही सातजणी झालो होतो आणि हे बिचारे सगळ्यांच्या पुढे, एकटे!

तीन महिन्यांनी नळी निळीच राहिली. डॉक्टरांनी पुन्हा तपासून पाहिली. तरीही निळी. हे दवाखान्यातच हसू लागले.

त्या दिवाळीला नंदुरबारला उतरलो, तर हे बैलगाडीकडे वळेचनात. "चालत जाऊ," म्हणाले. वाटेत कापूस फुटला होता, एका मळ्यात कोणीतरी ताक पाजलं. दुपारी धुळीने माखलेले आम्ही दारात उभे राहिलो, तर माय घाबरली.

"गाडी नही भेटनी का?"

"भेटनी ना, माय. आम्ही पायी उनूत."

तिने यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "जवाईबापू बारीक का झायात? जेवाले देस ना?" मी इतकी हसले की ओसरीतच बसले. मग सगळं सांगितलं. ती डोळे पुसत चुलीकडे गेली आणि त्या दिवाळीला शेवेऐवजी तिने दादर-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या.

आता माहेर आणि सुरतेच्या मधे राज्याची सीमा आली आहे. मला गुजरातीत स्वप्नं पडतात आणि राग मात्र अहिराणीतच येतो. माझं घर कोणतं, असं कोणी विचारलं तर पूर्वी मी गोंधळायचे. हल्ली नाही. हे परवा बावन्न वर्षांचे झाले, त्यांच्या घराण्यात पहिल्यांदाच. ज्या घरात आम्ही दोघांनी म्हातारं व्हायचं ठरवलं आहे, तेच माझं घर.