दीड इंच वर

गाडी घेऊन पाच आठवडे झाले होते आणि त्या दिवशी सकाळी ती पार्किंगमध्ये खाली बसलेली दिसली. पंक्चर झालेली गाडी एका अंगाला कलते. ही चारही बाजूंनी सारखीच बसली होती, म्हैस बसते तशी. चाकं अर्धी आत गेलेली. माझं मुलुंड पूर्वेला फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. साडेआठला पहिला पेशंट होता आणि मी चावी हातात धरून नुसती बघत उभी राहिले.

"मॅडम, काल तर बरोबर होती," वॉचमन म्हणाला. जणू मी त्याच्यावर आळ घेतला होता.

गाडी परदेशी कंपनीची, नऊ वर्षं वापरलेली. माझ्या एका पेशंटची होती. त्यांचा खांदा सहा महिने माझ्याकडे होता. ते मुलाकडे परदेशी निघाले तेव्हा गाडी विकायची म्हणाले आणि मी म्हटलं, मी घेते. का म्हटलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आधीची छोटी गाडी कुठेही उभी राहायची, कधी त्रास दिला नव्हता. मी सेहेचाळीस वर्षांची, लग्न केलेलं नाही, घरात मी आणि आप्पा. दोन माणसांना सात माणसांची गाडी. ती दारात आली तेव्हा आप्पांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "एवढी मोठी कशाला गं?" मी हसून वेळ मारून नेली.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी एकतीस वर्षं अंधेरीतल्या एका व्यापाऱ्याची गाडी चालवली. पांढरा शर्ट, पांढरी पँट. आई ते कपडे वेगळे भिजवायची. त्या साहेबांच्या गाडीत मी एकदाच बसले होते. नऊ वर्षांची असेन. मालाडला आत्याकडे राहायला गेले होते. आप्पा साहेबांना सांताक्रूझच्या विमानतळावर सोडून मला घ्यायला आले. पुढच्या सीटवर त्यांनी स्वतःचा नॅपकिन उलगडून पसरला आणि मला त्यावर बसवलं. आत इतकं गार होतं की माझे दात वाजत होते. अंधेरीच्या सिग्नलला ते एकदम म्हणाले, "खाली वाक." मला वाटलं, खेळ आहे. मी वाकून हसत राहिले. ते हसत नव्हते. पुढे त्यांनी मला बसस्टॉपवर उतरवलं, ओळखीच्या कंडक्टरच्या ताब्यात दिलं, आणि नॅपकिन झटकून घडी घालून ठेवला.

बसलेली गाडी मी ट्रकवर चढवून घाटकोपरला एका मेकॅनिककडे नेली. पन्नाशीचा माणूस, मूळचा मालवणकडचा. वडील गिरणीत होते, ह्याने गिरणी बंद पडल्यावर गॅरेज धरलं. बोलायला सरळसोट.

"मॅडम, हिच्यात लोखंडी स्प्रिंग नाहीत. चारही चाकांवर हवेच्या रबरी पिशव्या आहेत. पिशव्या झाल्या म्हाताऱ्या, हवा सोडतात. आता दोन रस्ते. नव्या पिशव्या टाका, गाडी लोण्यासारखी चालेल, पण चार-पाच वर्षांनी परत हेच. नाहीतर पिशव्या काढू, लोखंडी स्प्रिंग टाकू. मग गाडी दीड इंच वर घेता येईल, टायर बदलता येतील, खडकाळ रस्त्यालाही जाईल. पण घरच्यासारखी मऊ नाही राहणार. तुम्हांला गाडी रोजची हवी की रानातली?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "रानात कुठे जाणार?"

मी कधी रानात गेले नव्हते. माझं रोजचं जाणं घर ते क्लिनिक, आणि आठवड्यातून दोनदा अंधेरीला एका हॉस्पिटलात. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या गावाला रस्ता नाहीये."

ते गाव मी पाहिलेलं नव्हतं. अकोले तालुक्यात डोंगराच्या कुशीला कुठेतरी आहे, एवढंच माहीत. आप्पा एकोणिसाव्या वर्षी तिथून निघाले. आजी-आजोबा नंतर मुंबईलाच आले आणि इथेच गेले. गावाबद्दल विचारलं की आप्पा म्हणायचे, "काय आहे तिकडं? ओढा आणि गोटे." एवढ्या दोन शब्दांवर मी गाडीचं सगळं बदलायला निघाले होते. घरी येताना रिक्षात मला स्वतःचंच हसू आलं आणि मग जरा भीतीही वाटली.

पुढच्या वेळी आप्पा म्हणाले, मी येतो. मला वाटलं, मला थांबवायला येतायत. चौऱ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे माझ्याच हाताखाली. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवलेली होती. आप्पा सरळ तिच्या खाली जाऊन उभे राहिले, मान वर करून.

"मिस्त्री, हा दांडा वाकलेला आहे की मुळात असाच?"

"काका, मुळात असाच आहे. तुम्ही लाइनमध्ये होतात काय?"

"ड्रायव्हर होतो. त्याच्या आधी धरणाच्या कामावर जीप चालवायचो. दोन वर्षं."

मी मागे उभी होते. ही जीप मला कोणी कधी सांगितली नव्हती. माझ्या लेखी आप्पांचा जन्म पांढऱ्या कपड्यांतच झाला होता. मी विचारलं, "आप्पा, कुठलं धरण?" त्यांनी हाताने मला थांबवलं, कारण मेकॅनिक विचारत होता, गावचा रस्ता कसा आहे काका?

"डांबरी सुटली की दीड कोस कच्चा," आप्पा म्हणाले. "आधी लाल माती, चढ. मग ओढा. ओढ्यात नारळाएवढे गोटे, आणि खाली शेवाळ. पलीकडं काळी माती, पाऊस झाला की पाय काढायला दोन माणसं लागतात. बैलगाडीचा आस तिथं मोडायचा."

"मग चिखलाचे टायर नको," मेकॅनिक म्हणाला. "ते डांबरावर गुरगुरतात, मुंबईत डोकं उठेल. साधे घातले तर चिखलात सरकतील. मधले घालू. मापाबाहेरचे घालणार नाही मी, आरटीओवाले पकडतात. आणि पुढे लोखंडी बंपर मागू नका, त्याला बंदी आहे."

"बंपर कशाला? शिकार करायची आहे का?" आप्पा म्हणाले.

दोघांनी मिळून सगळं ठरवलं. स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर, टायर, इंजिनाखाली पत्रा. मला फक्त एकदा विचारलं, चहा घेणार का.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मग दिवाळीनंतर जायचं ना गावाला?"

"कोण म्हणालं जायचं?"

"तुम्हीच तर अख्खा रस्ता सांगितलात."

"त्यानं विचारला म्हणून सांगितला," आप्पा म्हणाले आणि टीव्ही लावला.

गाडी परत आली ती दुसरीच होऊन. दिसायला रुबाबदार, पण मुलुंडच्या पेव्हर ब्लॉकवरून नेताना प्रत्येक खाच कमरेला कळायची. साठच्या पुढे गेलं की टायर घूं असा आवाज काढायचे, आप्पा म्हणायचे, पिठाची गिरणी घेतलीस. आणि दीड इंचाचा हिशोब मी, फिजिओथेरपिस्ट असून, केलाच नव्हता. आप्पांचा गुडघा तेवढ्या उंचीला वाकेना. पहिल्या दिवशी ते दाराची कडी धरून लटकले आणि परत खाली उतरले. मी मेकॅनिकला फोन करून पायरी बसवायला सांगितली. तो म्हणाला, "ताई, पायरी बसवली की दगडाला लागणार, वाकणार. आधी ठरवा, दगडावर जायचंय की काकांना बसवायचंय?" मला ठरवता येईना. मी डिकीत प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. आप्पा स्टुलावर पाय देऊन चढायचे, मी स्टूल उचलून डिकीत टाकायचे. इतक्या महागाच्या गाडीचं हे रोजचं चित्र. सोसायटीत लोक गॅलरीतून बघायचे.

महिनाभराने मेकॅनिकने बदलापूरच्या पुढे बोलावलं. त्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याची पडीक जमीन होती, तिथे तो अशा गाड्या तपासायचा. एक उतार, एक चर, खाली भाताच्या खाचरासारखा चिखल. त्याने टायरमधली थोडी हवा सोडली आणि मला सांगितलं, हळू घाला, थांबू नका. मी घातली आणि मध्यावर थांबले. का थांबले, माहीत नाही. चाकं फिरायला लागली, चिखल काचेवर. मी आणखी पाय दाबला. गाडी खोल गेली.

"पाय काढ," शेजारून आप्पा म्हणाले.

"आप्पा, दोरी लावून ओढतील ते."

"काढ म्हटलं ना पाय. उतर."

मी गुडघाभर चिखलात उतरले. आप्पा आतूनच सरकून माझ्या सीटवर आले. त्यांनी आधी आरसा नीट केला. त्या चिखलात मागे बघण्यासारखं काही नव्हतं, पण आरसा नीट केला. मग गाडी वीतभर मागे, वीतभर पुढे. स्टीअरिंग डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, जसं कोणी झोपलेल्याला हलवून उठवतं. आवाजसुद्धा वाढला नाही. पाच-सहा वेळा असं केलं आणि गाडी चालत बाहेर आली. मेकॅनिक हातातली दोरी गुंडाळत म्हणाला, "काका, तुम्ही आमच्या कामाचे आसात."

मला वाटलं, आता ते खूश असतील. त्यांनी चावी माझ्या हातात दिली, स्टूल मागितलं आणि मागचं दार उघडून मागे बसले.

"पुढे बसा ना."

"इथं बरं आहे."

मुलुंडपर्यंत ते मागेच होते, डाव्या कोपऱ्यात, हात मांडीवर ठेवून. मी आरशात बघायचे तर ते खिडकीबाहेर बघत असायचे. कुठल्या सिग्नलला कसं वागायचं तेच मला कळेना. बोलू की गप्प बसू? ते दमले होते, रागावले होते, की त्यांना तिथून बघायचं होतं? टोलनाक्याच्या पुढे ते म्हणाले, "मागं जास्त हादरतं." एवढंच.

नोव्हेंबरात एका शनिवारी चहा पिताना त्यांनी विचारलं, "उद्या क्लिनिक बंद ना? मग निघू सहाला."

कसारा घाट चढून घोटीवरून आम्ही अकोल्याकडे वळलो. आप्पा आता पुढे बसले होते. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "आता डांबरी सुटेल." मी गाडी थांबवून चारही चाकांना जोर देणारं बटण फिरवलं. वळण घेतलं आणि समोर सिमेंटचा रस्ता होता. पांढरा, गुळगुळीत, कडेला दगड रंगवलेले. लाल मातीचा चढ सिमेंटचा. ओढ्यावर पूल.

"थांब," आप्पा म्हणाले. मी स्टूल काढलं. ते उतरून कठड्याशी गेले आणि खाली बघत राहिले. "गोटे गेले," म्हणाले. बांधकामाला नेले असतील.

मला राग आला होता. कुणाचा, ते सांगायला मला लाज वाटते. त्या सिमेंटचा. इथल्या माणसांनी आजारी बायका झोळीतून ओढ्यापार नेल्या असतील, रस्त्यासाठी किती खेटे घातले असतील, आणि मी मुंबईहून उंच गाडी घेऊन आले होते आणि मला खड्डे हवे होते.

बौद्धवाडीत सगळी घरं स्लॅबची. मधोमध विहार, त्यावर पंचशील ध्वज. एका बाईने विचारलं, कोणाकडं आलात? आप्पांनी आजोबांचं नाव सांगितलं. तिला माहीत नव्हतं. मग ओट्यावरचे एक वृद्ध गृहस्थ डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "त्यांचा पोरगा, तो मुंबईला ड्रायव्हर झालेला का?"

"हो. तोच."

त्यांनी चहा सांगितला. आप्पा चहा न घेता चालत सुटले, मी मागोमाग. पाण्याच्या टाकीपाशी ते उभे राहिले. "इथं होतं घर. नाही. विहीर त्या अंगाला होती, म्हणजे घर इकडं." चार पावलं गेले, परत आले. गावाकडे तोंड केलं, डोंगराकडे केलं. एकतीस वर्षं मुंबईतली गल्ली न् गल्ली न विचारता सापडलेला माणूस. शेवटी ते वृद्ध गृहस्थच काठी टेकत आले आणि म्हणाले, "टाकी आहे ना, तीच तुमची जागा."

आप्पांनी मान हलवली. टाकीच्या सिमेंटला एकदा हात लावला, ओल होती. मग विहारात जाऊन बुद्धाला आणि बाबासाहेबांना वंदन केलं, चहा घेतला आणि आम्ही निघालो.

घाट उतरताना मी विचारलं, "कसं वाटलं, आप्पा?"

"रस्ता चांगला केलाय," ते म्हणाले.

त्यांना बरं वाटलं की वाईट, मला अजून उमगलेलं नाही. त्यांना उमगलं असेल का, तेही माहीत नाही. मी गाडी विकावी की ठेवावी ह्यावर दोन महिने घोळत राहिले. मेकॅनिकने निदान रोजच्यासाठी मऊ टायर घालून दिले, गिरणीचा आवाज थांबला.

मग एके दिवशी आप्पा क्लिनिकमध्ये आले, पेशंटांच्या रांगेत बसले आणि नंबर आल्यावर एक फॉर्म माझ्यासमोर ठेवला. लायसन्सचा होता. त्यांचं जुनं कधीच संपलं होतं, इतकं की नूतनीकरण होत नव्हतं. सगळं पहिल्यापासून.

"डॉक्टरची सही लागते. तुझी चालेल?"

"माझी नाही चालणार. पण आप्पा, कशाला आता?"

"मग कुणाची चालेल ते सांग."

मी सांगितलं. डोळे तपासले, शिकाऊ परवाना निघाला, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी आप्पांनी गाडीच्या काचेवर लाल इंग्रजी 'एल' चिकटवला, पट्टीने माप घेऊन, बरोबर मधोमध. रविवारी सकाळी आम्ही मिठागरांच्या बाजूच्या रस्त्यावर जायचो. मी शेजारी बसून सूचना द्यायला लागले की म्हणायचे, "शिकाऊ माणसाशी बोलू नये. त्याचं लक्ष जातं."

परीक्षेच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला उभी होते. तरुण इन्स्पेक्टर कागद बघत गाडीपाशी गेला. खिडकी उघडी होती, मला स्पष्ट ऐकू आलं.

"आजोबा, आधी कधी चालवलीय का गाडी?"

आप्पांनी आरसा नीट केला. "थोडीफार," म्हणाले.