घेरावरचा वेग

एम.एस्सी. झाल्यावर मी भोसरीतल्या एका क्लासमध्ये डेमो लेक्चर द्यायला गेलो. फिजिक्सचा मास्तर निवडायची तिथली पद्धत अशी, की मागच्या बाकांवर पालक बसवायचे आणि त्यांच्या माना डोलल्या की माणूस पास. भाजीसुद्धा लोक याहून पारखून घेतात.

विषय होता इलेक्ट्रॉनचा स्पिन. मी खिशातून बेअरिंग काढलं, बोटावर गरकन फिरवलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "इलेक्ट्रॉन अस्साच स्वतःभोवती फिरतो." हे खोटं आहे हे मला ठाऊक होतं. 'जुन्या भौतिकशास्त्राने स्पिन समजावता येत नाही' हे वाक्य घोकून मी मार्क मिळवले होते. पण मला नोकरी हवी होती. माना डोलल्या. संचालक तर असे खूश, की इलेक्ट्रॉन जणू त्यांनीच फिरवला.

तेवढ्यात एका मुलीचे वडील उठले. चाकणच्या कारखान्यात, लोखंड घासणाऱ्या दगडी चाकाच्या ग्राइंडिंग मशीनवर होते, फर्स्ट शिफ्ट करून तसेच आलेले. "सर, घेरावर वेग किती पडतो त्याचा? आमी नवं चाक चढवायच्या आदी तेच काढतो. जास्त भरला तर चाक फुटतं."

कॉलेजच्या पाच वर्षांत हा हिशेब आमच्यातल्या एकाही दिवट्याने केला नव्हता. मी पुस्तकातली इलेक्ट्रॉनची त्रिज्या घेऊन फळ्यावर गणित मांडलं. वेग प्रकाशाच्या शंभरपटीच्याही वर गेला, आणि प्रकाशापुढे तर काहीच धावत नाही.

"म्हंजे फिरत न्हाई ते," ते शांतपणे म्हणाले.

अगदी बरोबर. फिरणारी वस्तू हळू करता येते, थांबवता येते. स्पिन कमी होत नाही, वाढत नाही. कुठल्याही दिशेने मोजा, उत्तरं दोनच. वस्तुमानासारखा तो इलेक्ट्रॉनला मुळातच असतो, गरगरण्यातून येत नाही. हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण संचालकांच्या कपाळाला आठी पडली होती.

मी फळा पुसला. "काका, परीक्षेत एवढं खोलात विचारत नाहीत." बाकीचे पालक हसले. मुलीचे वडील खाली बसले. मीही हसलो, याची मला अजून शरम वाटते.

नंतर जिन्यात ते भेटले. "वेग जास्त हाय हे कळूनबी चाक चढवलं, तर आमच्याकडं माणूस मरतो, सर. तुमच्याकडं काय व्हतं?"

मला नोकरी लागली.