पाण्याचा भोंगा

केरबा बी.ए. झाला त्याच साली लातूर जिल्हा वेगळा झाला. नवी कचेरी, नव्या खुर्च्या. त्यातली एखादी आपली असेल, असं त्याला वाटलं. खुर्च्या भरल्या त्या साहेबांच्या भाच्या-पुतण्यांनी. दोन वर्षं चपला झिजवल्यावर निलंग्याच्या टॉकीजवाल्या गुरुबसप्पाने त्याला कामावर ठेवलं. जीपमध्ये बसून भोंग्यावरून सिनेमाची जाहिरात करायची. सिनेमा तरी कोणता? पदवी घेऊन उंडारणाऱ्या बेकार पोरांचा. म्हणे हसून हसून मुरकुंडी वळते. केरबाचं डोकं सणकलं. तेच भाचे-पुतणे बाल्कनीत बसून त्या पोरांवर खिदळत होते.

घरी त्याने 'बोलायचं काम लागलं' एवढंच सांगितलं होतं. त्याची माय, सरजाबाई, गावात सांगत फिरायची की लेक जिल्ह्याच्या कचेरीत बोलायच्या कामावर लागलाय.

त्या उन्हाळ्यात दुष्काळ होता; पाण्याचा टँकर कुठे थांबणार, ते तहसीलची जीप भोंग्यावरूनच सांगे. त्यामुळे केरबाची जीप दिसली की बाया हातातलं काम टाकून घागरी घेऊन धावत. गुरुबसप्पाला ही आयती गर्दी फार आवडली. आधी नुसतं 'माताभगिनींनो' म्हणायचं, बाया गोळा झाल्या की मग सिनेमाचं काढायचं, अशी त्याने ताकीदच दिली. माणसाला लाज नसली की डोकं किती चालतं! केरबा दातओठ खात तसंच करत राहिला.

एके दिवशी ड्रायव्हरने जीप केरबाच्याच गावात घातली. नको म्हणायची सोय नव्हती. पहिल्या हाकेलाच बौद्धवाड्यातल्या बाया पळत आल्या. सरजाबाई सगळ्यांच्या पुढे होती. खडी फोडून फुटलेल्या बोटांना तिने चिंध्या गुंडाळल्या होत्या. भोंग्यातला आवाज तिने लांबूनच ओळखला होता.

"माझा केरबा हाय," ती बायांना म्हणाली. "पानी घिऊन आलाय."

केरबाने पुढची जाहिरात केलीच नाही. "पानी न्हाई, माय," तो म्हणाला. "शिनिमा हाय."

"कसला?"

"शिकून बेकार फिरणाऱ्या पोरांचा. लोक लई हसतेत."

सरजाबाईने रिकामी घागर जीपच्या टपावर आदळली. "तुला हसू आलं का रं?"

"न्हाई."

"मंग आमाला कामून हसाया बोलवायलास?"

माइक केरबाच्या हातात चालूच होता. तिचा सवाल साऱ्या गावाने ऐकला.