मेथीच्या पिशवीतली बाटली

दुकानदारानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली राजापेठेतले आमचे शेजारी काका तिथंच कागदातून बाहेर काढतात आणि मेथीच्या पिशवीतून मिरवत घरी आणतात. सोलापूरकडची, तीन जातींच्या द्राक्षांची लाल वाइन. "तिथलं ऊन आपल्यासारखंच हाय, म्हनून चव उतरते," असं ते म्हणतात आणि बाटलीला ओलं फडकं गुंडाळून ती माठाशेजारी ठेवतात.

परवा अकोल्याचे मेहुणे ते पाहून हसले. "भाऊजी, लाल वाइन रूम टेंपरेचरले पेतात."

"कोनाच्या रूमच्या? अकोल्याच्या?"

मेहुण्यांनी ग्लास पुढे केला. काकांनी पहिला ग्लास भरून काकूंच्या हाती दिला. मेहुणे बहिणीकडं बघतच राहिले. काकूंनी सावकाश घोट घेतला.

"यंदा तुरट हाय, पन चांगली हाय."

"तिनं पास केली," काका म्हणाले, "आता तुमी घ्या."