दिलमायाचा काटा

डोंगरातल्या ओढ्यांवर चालणाऱ्या पाच छोट्या वीजघरांच्या तारा एकत्र जोडल्या, तेव्हापासून गिरणी चालू झाली की फ्रिक्वेन्सीचा काटा पन्नास हर्ट्झच्या खाली घसरायचा. मग वीजघरं चालवणारे पाचही जण फोनाफोनी करून पाण्याचे व्हॉल्व्ह भसाभस उघडायचे. काटा उसळायचा, गावातले दिवे फुटायचे.

तिसऱ्या वीजघरातल्या दिलमाया पुनने ही फोनाफोनीच बंद करवली. ती बाकी चौघांना म्हणाली, "काटा सगळ्यांकडे सारखाच हलतो. तो घसरेल त्या मानाने आपापला व्हॉल्व्ह थोडा उघडायचा. विचारायचं कुणाला?"

दसैंच्या सणाच्या आदल्या दिवशी गिरणी धडधडली. काटा जरा झुकला आणि सावरला. थोड्या वेळाने वरच्या वीजघरातला खड्कबहादुर धापा टाकत आला. "दीदी, किती उघडू?"

"तू वाटेत होतास तोवर तुझा भार आम्ही चौघांनी उचलला. आता जा, तुझा काटा बघ."