फाटक उघडलं नाही

माझे यजमान वाशीमहून अनसिंगला जाणाऱ्या रस्त्यावर रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. फाटकाला लागून एका खोलीचं घर आणि चारी बाजूंनी कपाशी. काम म्हणाल तर साधं. सिग्नलचा हात पडला की दोन्ही फाटकांना कुलूप घालायचं, हिरवी झेंडी घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की उघडायचं. पण एकदा कुलूप घातलं की मी हाक मारली तरी ते वळून पाहत नसत.

त्या दिवशी फाटक लागलेलं असताना जहागीरदारांची दोन बैलांची दमणी धुरळा उडवत आली. आसपासची बरीच जमीन त्यांची. ते दिसले की माणसं पायातल्या वहाणा हातात घेत. दमणी हाकत होता त्यांचा जुना गडी. वाशीमच्या कचेरीत मोठ्या साहेबांची भेट ठरली होती आणि जहागीरदारांना उशीर झाला होता.

"उघड फाटक," ते बसल्या जागेवरून म्हणाले.

"गाडी येऊन राह्यली मालक. सिंगल पडलं. गेली का लगेच उघडतो."

"कुठी हाय गाडी? मले तं दिसत नाई."

खरंच दिसत नव्हती. तिथं रूळ वळतात आणि वळणावर बाभळी दाट आहेत.

"दिसन तवा तुमची दमणी मधात असन मालक," हे म्हणाले.

जहागीरदार खाली उतरले. गड्याच्या हातातला आसूड त्यांनी ओढून घेतला. पहिला फटका यांच्या खांद्यावर बसला, दुसरा गालावर. मी भांडी टाकून धावले. यांनी कमरेची चावी काढून माझ्याकडे फेकली. "घरात जाय," म्हणाले. मी गेले नाही. चावी चोळीत घातली आणि फाटकाला पाठ लावून उभी राहिले.

"घे तिच्यापासून चावी," जहागीरदार गड्याला म्हणाले.

गडी दोन पावलं पुढं आला. त्याच्या अंगाला बैलांचा वास येत होता, इतका जवळ. मी डोळे मिटले.

"मालक, बायमाणूस हाय," तो म्हणाला. "हे माह्यानं होत नाई."

आसूड त्याच्यावर वळला. तेवढ्यात रूळ वाजू लागले आणि बाभळींमागून इंजिन निघालं. बैल बुजले, तसा मार खाणारा गडी धावत जाऊन त्यांच्या कासऱ्याला लोंबकळला. गालावरून रक्त ओघळत असताना यांनी झेंडी धरली होती. शेवटचा डबा गेल्यावर त्यांनी माझ्याकडून चावी मागून घेतली, फाटक उघडलं आणि बाजूला झाले.

"चला मालक," म्हणाले.

जहागीरदारांनी तक्रार केली की गेटमन उर्मट आहे. चौकशीला रेल्वेचे साहेब ट्रॉलीवरून आले. यांच्या गालावरचा वळ त्यांनी पाहिला.

"चूक तुझी नाही," ते म्हणाले. "पण माणूस मोठा आहे. माफी माग, तुला इथंच ठेवतो."

"फाटक लावल्याची माफी कशी मागू साहेब?"

आमची बदली झाली. नवीन फाटक आडरानात होतं. पाणी लांबून आणावं लागे आणि सापांचा सुळसुळाट. मी कितीतरी दिवस यांच्याशी धड बोलले नाही. शेवटी एकदा मीच म्हणाले, "माफीचे दोन शब्द तुमी बोलले असते तं काय गेलं असतं?"

"त्या गड्याले काय तोंड दाखोलं असतं?" एवढंच ते बोलले.

गड्याला जहागीरदारांनी त्याच दिवशी काढून टाकलं होतं. आसेगावकडे बहिणीच्या गावी तो निंदणं-खुरपणं करतो, असं कळलं. एकदा तो विचारत विचारत आमच्या फाटकावर आला. यांनी रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या मुकादमाजवळ शब्द टाकला आणि तो त्या गँगमध्ये लागला. त्या दिवशी आमच्याकडेच जेवला. जहागीरदारांबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. ते दोन्ही बैल त्यानं गोऱ्हे असल्यापासून वाढवले होते, तेवढ्यांबद्दल मात्र बोलत राहिला. नवा हाकणारा त्यांना टोचतो, असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं.